न सुजलेला पाय

टेपाच्या वाडीतली माणसं रखमीकडे काटा काढायला येत. मुरबाडहून म्हशाकडे जाणारा रस्ता सोडून आत दीड कोस चाललं की ही वाडी लागते. चौतीस घरं, एक हातपंप, एक अंगणवाडी. शेत भाजायच्या राबासाठी झाडांचा टाळा तोडणारी, लाकूडफाट्याला डोंगर चढणारी, खाचरात दिवसभर अनवाणी उभी राहणारी ही माणसं; त्यांच्या पायात काटा मोडणं नित्याचंच. साधा काटा ज्याचा तो काढी. पण बांबूचा आत तुटलेला, हेकळीच्या झुडपाचा आडवा घुसलेला, किंवा चार दिवस दुर्लक्ष झाल्यावर ठसठसायला लागलेला काटा असला की रखमीचा ओटा गाठायचा, अशी रीत पडून गेली होती.

रखमी वैदू नव्हती, तिच्या अंगात काही येत नव्हतं, मंत्र तर एकही ठाऊक नव्हता. सासूनं शिकवलं तेवढं तिला येई. पहिल्यांदा पालथा हात लावायचा. तळहात कामानं निबर झालेला, त्याला धग समजत नाही; हाताची मागची बाजू खोटं सांगत नाही. धग लागली, कातडी लाल होऊन चकाकायला लागली की समजायचं, आत काहीतरी राहिलंय. मग रुईचा चीक, नाहीतर भाजलेल्या कांद्याचं पोटीस. आणि शेवटी दोरा. दुखऱ्या जागेच्या वर, पायाभोवती काळा दोरा ती अशा बेतानं बांधी की त्यात एक करंगळी जावी. रात्र सरली की बघायचं. दोरा रुतला तर सूज चढते आहे. ढिला पडला तर उतरते आहे. चढत्या सुजेला ती भीत नसे. तिला पिकू द्यायचं, तोंड पडलं की पू काढायचा, त्याच्याबरोबर काट्याचं टोकही वाहून येई. पण दोरा गुडघ्यापर्यंत चढवायची पाळी आली, जांघेत अवधाणाची गाठ आली, की ती स्वतःच माणसाला जीपमध्ये बसवून मुरबाडच्या दवाखान्यात धाडी. तेवढी समज तिला होती, आणि म्हणूनच आरोग्यखात्याची आशाताई म्हणून काम करणारी सरस्वतीसुद्धा तिला मान देई. चाळीस वर्षांत तिच्या ओट्यावर आलेल्या कुणाचा पाय गेला नव्हता.

तिचा चुलत दीर कमळू शेजारीच राहायचा. तोंडाचा मोठा चावट. तो म्हणायचा, “वयनी, तुझ्या हाताला कंपनीचा थर्मामीटर बसवलाय का काय? माज्या बायकोला पन एक बसव. तिला कायच कलत नाय.” रखमी त्याच्याकडे लक्ष न देता समोरच्याचा पाय मांडीवर घेई आणि निदान सांगे. धग नाय, सूज नाय, तर काय नाय. लोक हसत उठून घरी जात.

रंजना तिची एकुलती एक मुलगी. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, त्यामुळे रखमीला माणूस म्हणावं असं तेवढंच. मुलगी आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकली. सापगावच्या हेमंतशी लग्न झालं आणि दोघं वाशिंदला खोली घेऊन राहिली. तो एका कारखान्यात, ती दुसऱ्या कारखान्यात पॅकिंगला. सगळं बेताचं पण बरं चाललं होतं. करोनाच्या साथीनंतरच्या दुसऱ्या वर्षी, सव्विसाव्या वर्षी, रंजनाची बोटं सुजायला लागली.

सकाळी उठलं की मुठी वळत नसत. कपाचा कान धरता येत नसे. मग मनगटं, मग गुडघे. दोन्ही गालांवर लाली आली, जणू कुणी दोन्ही हातांनी थोबाडीत मारावं तशी. रखमी वाशिंदला जाऊन राहिली. निरगुडीच्या पाल्याचा शेक दिला, पोटिसं बांधली, आणि सूज पिकायची वाट पाहिली. पण ही सूज पिकेना. धग होती, लाली होती, आत काहीच नव्हतं. आज उजव्या मनगटाला, परवा डाव्या गुडघ्याला. रखमीच्या चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. काट्याची सूज काट्यापाशी बसते. ही घरभर हिंडत होती.

आठ महिने असे गेले, मग मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात रोगाचं नाव कळलं. ल्युपस. तिथली डॉक्टर तरुण होती, जुन्नरकडच्या शेतकऱ्याची मुलगी. रखमीचा गोंधळलेला चेहरा बघून तिनं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, तुमच्याकडे शेताला राखण करतात ना? डुक्कर आलं की राखणदार ओरडतात, मशाली पेटवतात, दगड मारतात. अंगातही तसेच राखणदार असतात. त्यांची धावपळ म्हणजे सूज, त्यांची मशाल म्हणजे धग. तुमच्या मुलीच्या शेतात डुक्कर शिरलेलंच नाही. राखणदारांना आपलंच पीक डुक्कर दिसायला लागलंय, आणि ते त्यालाच दगड मारतायत. आज सांधे, उद्या मूत्रपिंडं. म्हणून गोळ्या देऊन त्यांना गप्प करायचं.

रखमीला हे पटलं. डॉक्टरनं पुढेही सांगितलं होतं, की गोळ्या चालू असताना जपायचं, ताप आला, जखम झाली तर वाट बघायची नाही, सरळ इकडे यायचं. हेमंतनं ते केसपेपरवर लिहूनही घेतलं. पण बाहेर रांग दारापर्यंत आली होती, पुढचा नंबर पुकारला गेला, आणि राखणदार गप्प झाल्यावर खरंच डुक्कर शिरलं तर ओरडणार कोण, हा प्रश्न तिघांपैकी कुणाच्याच तोंडी आला नाही. रखमीनं घरी नेलं ते एवढंच, की सूज उतरवणारी गोळी मिळाली. तिच्या हिशोबी सूज उतरली म्हणजे रोग उतरला. आजवर तसंच होत आलं होतं.

आणि सूज उतरलीही. तीन महिन्यांत रंजनाच्या मुठी वळू लागल्या. चेहरा गोल झाला, गाल भरले. वाडीतल्या बाया म्हणाल्या, पोरीला सासरचं पाणी मानवलं. रंजना आईला हळूच म्हणे, ते गाल गोळ्यांचे आहेत, सुखाचे नव्हेत. तरी पौषात म्हशाच्या जत्रेला ती आली तेव्हा स्वतःच्या हातानं बांगड्या भरून घेतल्या, आणि बांगडीवालीनं मूठ दाबली तेव्हा ती कळवळली नाही, हे रखमीनं डोळे भरून पाहिलं. हेमंत कामावर परत गेला. रंजना आठ दिवस आईकडे राहिली.

सोमवारी सकाळी ती वालाच्या शेंगा तोडायला गेली. शेताची काटेरी वई ओलांडताना चप्पल निसटली आणि हेकळीचा काटा टाचेच्या वर, आतल्या बाजूला घुसला. लंगडतच घरी आली, हसत होती. “आये, गिऱ्हाईक आलंय गो.”

रखमीनं मांडीवर पाय घेतला, सुईनं काटा उचकटला. जवळजवळ सगळा निघाला. टोक कदाचित तांदळाच्या कणीएवढं राहिलं असेल. हळद भरली, दोरा बांधला, करंगळी घालून पाहिली.

मंगळवारी दोरा तसाच होता. पालथा हात लावला, धग नव्हती. लाली नव्हती. फक्त रंजना म्हणत होती की दुखतंय, आणि बाहेर दिसतं त्याच्यापेक्षा आत खूप जास्त दुखतंय. रखमीनं तिला समजावलं की काटा निघाल्यावर घाव दोन दिवस चावतोच. हेही तिनं शेकडो लोकांना सांगितलं होतं आणि शेकडो वेळा खरं ठरलं होतं.

संध्याकाळी हेमंतचा फोन आला. त्याला केसपेपर आठवत होता. तो म्हणाला, उद्या खाडा करून येतो, मुंबईला नेऊन दाखवू. नाहीतर रविवारी सुट्टी आहेच.

रखमीनं फोन हातात घेतला. “जावयबापू, दोरा पन सैल हाय. धग नाय, सूज नाय. उगाच कामाचा खाडा कशाला करताव? रविवारी या.”

त्यानं दोनदा विचारलं. तिनं दोनदा तेच सांगितलं.

बुधवारी दुखणं पोटरीपर्यंत गेलं. रंजना जेवली नाही. सरस्वती अंगणवाडीतून परत जाताना डोकावली, तिनं पिशवीतला थर्मामीटर काढून लावला. अठ्ठ्याण्णव. तिनंही पाय पाहिला, इकडून दाबला, तिकडून दाबला, आणि दोघी एकमेकींकडे बघून मोकळ्या झाल्या. सरस्वती जाताना म्हणाली, उद्या दुखलं तर मुरबाडला डॉक्टरला दाखवूया. रखमीनं दोरा पाहिला. करंगळी सहज गेली. कमळू अंगणातून ओरडला, “वयनी, लेकीचा लाड चाललाय! काटा निघून तीन दिस झालं, आता काम सांग तिला.” रंजनानं हसायचा प्रयत्न केला. ते हसू रखमीला खटकलं, पण पालथ्या हातापुढे तिनं खटकण्याला जागा दिली नाही.

गुरुवारी उजाडताना रंजना बडबडायला लागली. पॅकिंगचे खोके मोजत होती, मध्येच आईला सुपरवायझर समजून सुट्टी मागत होती. हातपाय बर्फासारखे गार. रखमीनं गोधडी बाजूला केली. टाचेच्या वर रुपयाएवढा डाग होता. लाल नव्हे, पिकल्या जांभळाचा रंग, कडेनं राखट. त्याला हात लावला तर थंड. दोरा तसाच सैल. तेव्हा कुठे रखमी जीपवाल्याकडे धावली, कारण हे तिनं जिवंत माणसाच्या पायावर कधी पाहिलं नव्हतं.

जीप, मुरबाड, तिथून अँब्युलन्स, उल्हासनगर, तिथून पुढची अँब्युलन्स, मुंबई. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी केसपेपर वाचे आणि एकच विचारी, की पायाला काय झालंय हे किती दिवसांपासून माहीत आहे. हेमंत कल्याणला अँब्युलन्समध्ये चढला. त्याच्या अंगावर कारखान्याचा गणवेश तसाच होता.

मुंबईत पोटरी उघडून आतलं सडलेलं मांस काढलं. वरून एवढासा डाग आणि आत गुडघ्यापर्यंत पोखरलेलं. दुसऱ्या दिवशी मांडीपासून पाय काढायचा म्हणाले, पण तेवढं सोसण्याइतका रक्ताचा जोर अंगात उरला नव्हता, म्हणून थांबले.

तीच जुन्नरकडची डॉक्टर वॉर्डाबाहेरच्या बाकावर रखमीशेजारी येऊन बसली. रखमीनं तिला एकच विचारलं.

“सूज का नाय आली बाई?”

डॉक्टर म्हणाली, “राखणदारांना आपणच गप्प बसवलं होतं, मावशी. डुक्कर आलं, पण ओरडायला कुणी उठलंच नाही. सूज आली नाही म्हणजे जंतू आला नाही असं नसतं. सूज जंतूची नसते, आपली असते.”

“आन आता?”

आता, डॉक्टरनं सांगितलं, जंतू रक्तात शिरला आहे. जे काही राखणदार उरलेत ते सगळीकडे एकदम उठलेत, आंधळ्यासारखे. पायात हवे होते तेव्हा आले नाहीत. आता फुप्फुसात, मूत्रपिंडात, जिथं काही नाही तिथंही आग लावतायत. गोळ्या एकदम बंदही करता येत नाहीत, त्यानं रक्तदाब अजून खाली जाईल. वाढवल्या तर जंतूला रान मोकळं. त्यातल्या त्यात मधली वाट धरली आहे. ती पुढे म्हणाली, की यात तुमची चूक नाही, अशा वेळी शिकलेले डॉक्टरसुद्धा फसतात.

चूक कुणाची हे रखमीनं विचारलं नव्हतं. तिला ते ठाऊक होतं.

शनिवारी तिला आत सोडलं. रंजना ओळखू येत नव्हती. तोंड, पापण्या, हात, सगळं टम्म फुगलेलं. जत्रेतल्या बांगड्या नर्सनं कापून एका कागदी पाकिटात ठेवल्या होत्या. नळी घशात असल्यामुळे बोलणं नव्हतं. चार दिवस जी सूज रखमीनं करंगळी घालघालून शोधली ती आता अंगभर होती. तिनं लेकीच्या कपाळावर हात ठेवला, या वेळी पालथा नाही, सरळ तळहात ठेवला, कारण आता काही तपासायचं राहिलं नव्हतं.

रविवारी, ज्या दिवशी हेमंतला सुट्टी होती, दुपारी अडीच वाजता रंजना गेली.

दहाव्याला सगळी वाडी जमली. कुणी रखमीला शब्दानं दुखावलं नाही. मोठा रोग होता, मुंबईच्या डॉक्टरांना झेपला नाही तिथं काय, असं जो तो म्हणाला. हेमंत निघताना तिच्या पाया पडला आणि म्हणाला, “मामी, मी रविवारपर्यंत थांबायला नको होतं.” रखमी वाट पाहत होती की तो पुढे काहीतरी बोलेल, फोनवर तुम्ही काय म्हणालात ते विचारेल. त्यानं विचारलं असतं तर ती कबूल करणार होती, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. पण त्यानं सगळा दोष आपल्याच खांद्यावर घेतला आणि तसाच म्हशाच्या फाट्याकडे चालता झाला. तिच्या वाट्याचा दोष परत मागायला तिला तोंड नव्हतं.

महिना उलटला आणि लोक पुन्हा ओट्यावर येऊ लागले. तिनं हात जोडून परत पाठवलं. आधी त्यांना वाटलं, दुःखात आहे, हळूहळू पुन्हा ओट्यावर बसेल. मग शेजारच्या पाड्यावरच्या एका म्हातारीकडे जाऊ लागले, ती तापवलेल्या विळ्यानं डाग देई. चैत्रात वाडीतल्याच भागीच्या सुनेचा अंगठा तिथं जळून आखडला. तो बघितल्यावर रखमी पुन्हा ओट्यावर बसली. फरक एवढाच, की आता ती पाय मांडीवर घ्यायच्या आधी विचारी, गोळ्या कसल्या चालू आहेत? लोकांना याचं हसू येई. काट्याचा आणि गोळीचा काय संबंध?

वैशाखात कमळू आला. नातीची, सोनालीची, दुसऱ्या दिवशी हळद होती, मांडवाचे बांबू तासताना त्याच्या पावलात कुसळासारखी बारीक कूस गेली होती. ती त्यानंच ओढून काढली, तीन दिवसांपूर्वी. आता दुखत होतं.

“सुजलं नाय बघ,” तो पाय पुढे करून म्हणाला, “पन आतून कुनी करवत चालवतंय असं वाटतंय.”

रखमीनं पायाकडे पाहिलंच नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. गेल्या दोन वर्षांत कमळू गोल झाला होता. गाल भरले होते, मानेमागे मांसाचा उंचवटा आला होता. सगळे म्हणत, म्हातारा तरणा होतोय. हे गाल तिनं आधी पाहिले होते.

“भावजी, गोली कसली खाताव?”

“गोली कसली? गुडघ्याची पुडी खातो. बाजारात तो मानूस बसतो ना, झाडपाल्याचा. एक पुडी घेतली का घोडा पलतोय.”

“तिच्यात काय हाय?”

“औषद.”

पुडीवर नाव नव्हतं, छाप नव्हता, वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेली राखाडी भुकटी. रखमीनं ती हुंगली. वासावरून तिला काही कळलं नाही, पण रंजनाच्या गोळ्यांसारखंच सूज गप्प करणारं काहीतरी यात कुटलेलं असणार, हे तिला कळलं होतं. तिनं त्याला आत्ताच्या आत्ता मुरबाडला जायला सांगितलं. मग डॉक्टरनं सांगितलेली राखणदारांची गोष्ट जशीच्या तशी सांगितली. इतकं सलग ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. कमळूनं शेवटपर्यंत ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावरचा चावटपणा गेला होता, आणि त्या जागी कणव आली होती. ती तिला नको होती.

“वयनी,” तो म्हणाला, “रंजी गेली तवापासून तुला सगळीकडं तेच दिसतंय. उद्या हलद, परवा लगीन. तेरवा जातो. रंजीचीच आन.”

ती सरस्वतीकडे धावत गेली. सरस्वतीनं या वेळी थर्मामीटर काढला नाही, सरळ फोन लावला. दीड तासानं अँब्युलन्स आली. कमळूनं मांडवाच्या खांबाला टेकून ड्रायव्हरसमोर पाय धरला. बघा, कुठं काय आहे? ड्रायव्हरनं पाहिला. बरोबरच्या डॉक्टरनं ताप बघितला, नव्हता. तरी चला म्हणाला तो, रक्त तपासू, आणि रखमीनं देवाला हात जोडले. पण पेशंटच नको म्हणतोय, घरात लगीनघाई, चार माणसं हसतायत, तेव्हा त्यानंही नकाराच्या कागदावर कमळूचा अंगठा घेतला आणि गाडी वळवली. दुसरीकडून बाळंतिणीचा फोन आला होता.

रखमीनं कमळूच्या बायकोला, मुलाला, व्याह्याला, एकेकाला गाठून सांगितलं. मुलगा म्हणाला, “काकी, शुभकार्यात असं बोलू नकोस गो.”

मग तिचं बोलणं संपलं. दुपार कलली होती. मांडवात बाया हळदीची गाणी म्हणत होत्या, कमळू बाजेवर बसून आंब्याचे टाळे बांधणाऱ्यांना सूचना देत होता, मधूनच पाय चोळत होता. रखमी त्याच्या बाजेशी जमिनीवर जाऊन बसली. पायाला हात लावून काही समजणार नव्हतं, म्हणून तिनं लावला नाही. ती फक्त त्याचं बोलणं ऐकत राहिली, एकेक शब्द. कुठे गफलत होते का, माणसाचं नाव चुकतं का, भलतंच काही मोजायला लागतो का. तसं झालं की ओरडायचं होतं. तेव्हा फार उशीर झालेला असेल, हेही तिला माहीत होतं.